ठेवणीतला कोट

हॅलो?

हॅलो… हो, लागलाय, बोला… कोण?… लुडी! अगं, मीच बोलतेय, पान्यांग. बहिणीचा आवाज ओळखू येईना का तुला?… घसा बसलाय गं. चार दिवस झाले, आल्यागेल्याला तेच तेच सांगतेय. आई कशी गेली, किती वाजता गेली, शेवटी काय खाल्लं. पाठ झालंय आता.

थांब, फोन स्वयंपाकघरात ओढते. इथे काही ऐकू येत नाही. ओ, पाय घ्या जरा आत, वायर अडकतेय… हं. बोल.

पत्ते कुटतायत, दुसरं काय. आईपासून चार हातांवर. रीतच आहे ना, मयताच्या घरी जागं राहायला काहीतरी हवं… हो, ती असती तर तिनेही दोन डाव टाकले असते. आणि लबाडी केली असती.

रडू नकोस. लुडी, रडू नकोस, ऐक… डॉक्टर नाही म्हणाले ना? मग? नव्या गुडघ्याने विमानात लंगडत येणार होतीस? तुला सांभाळू का आईला पोचवू?… नाही, रागावले नाही. माझं बोलणंच असं झालंय.

आज तीन वाजता नेणार. दुपारी. आत्ता इथे सकाळचे दहा वाजलेत… तुझ्याकडे अजून कालच चाललाय? बरं आहे बाई तुझं.

निळा झगा घातलाय. चर्चला जायचा. केस शेजारच्या बासियांगने विंचरले. छान दिसतेय. खरंच. झोपल्यासारखी नाही हं, लोक म्हणतात तसलं काही नाही. मेल्यासारखीच दिसतेय, पण छान.

काय?… कोट?

हो, हो… ठेवायचाय ना… अगं ठेवू, तीन वाजायला अवकाश आहे. तू जेवलीस का?… मी खाल्लं. शेवयांचं पातेलं बासियांगकडून आलं, बिस्किटांचे डबे तर इतके आलेत की… हो, कॉफीही आहे. सगळं आहे.

ए! ए, तो झाडू खाली ठेव! आधी खाली ठेव!… तुला नाही गं. बासियांगची सून. शहरातली आहे, तिला कोण सांगणार. मयत घरात असताना झाडू लावतात का कुणी? सबंध घर जाईल एकामागून एक… अंगणातही नाही, बाळे! पडू दे पानं, पडू दे चिखल. आई गेली की मग झाड काय झाडायचं ते.

हं. काय म्हणत होतीस?

मांग इस्को? काका आलेत की. सकाळी सातलाच आले. बिल्ले लावून, टोपी घालून, काठी टेकत. पेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसलेत. ढिम्म हलत नाहीत… काय म्हणणार? दर दहा मिनिटांनी विचारतात, ‘पान्यांग, सेल्मो कुठाय?’ वेड लागलेलं नाही गं त्यांना. कोटाबद्दल विचारतायत. कोट आईच्या छातीवर ठेवला की ते सलाम करणार. ते आणि आपला भाऊ, दोघं एकत्र चालत गेले होते कैद्यांच्या त्या छावणीपर्यंत. ते एकटेच परत आले. पन्नास वर्षं त्या सलामासाठी थांबलेत म्हणतात.

मी सांगते, इस्त्री करतेय… हो, सकाळपासून करतेय… अगं, असते एकेक इस्त्री लांब.

नाही. काही नाही झालं. तुला काय होतं गं लगेच, काय झालं काय झालं…

लुडी, ऐक ना.

लुडी, कोट नाहीये.

चोरीला नाही. आहे. म्हणजे आहे, पण नाहीये… कसं सांगू तुला? हळू बोलावं लागतंय, सगळे बाहेर आहेत. ऐक. काल दुपारी माळ्यावरून पिशवी काढली. तू पाठवलेली, ती जाड प्लास्टिकची, चेनवाली. चेन निघेना. साबण लावला, निघेना. शेवटी कात्री घातली. आणि आतून… पाणी आलं. खरंच सांगते. पिशवीला आतून घाम फुटला होता. मग वास. आणि मग ते चंदेरी किडे, सुळकन, शेकड्यांनी, माझ्या हातावरून…

कसर गं, कसर. कसर लागली होती सगळ्याला. आणि बुरशी. पाठीवर तर काळं. कॉलर नाहीच. बाही उचलायला गेले तर खांद्यापासून सुटून हातात आली. पितळी बटणं हिरवी होऊन भोवतालचा कपडा खाऊन बसलीत. मी म्हटलं हळूच झटकावा, तर पीठ पडलं, लुडी. खाकी पीठ.

हॅलो?… आहेस ना?

ओरड. ओरड माझ्यावर. काल दुपारपासून कुणीतरी ओरडावं म्हणून वाट बघतेय, इथे सगळे नुसते पाठीवरून हात फिरवतायत.

हो, डांबरगोळ्या होत्या. मूठभर टाकल्या होत्या. काय केलं त्यांनी? तशाच पडल्यात, नुसता वास मारत.

मी कुठे म्हटलं तुझी चूक? मी म्हटलं का? मी एवढंच म्हटलं की पिशवी तू पाठवलीस… हो, खोक्यातून, त्या मटणाच्या डब्यांबरोबर. चिठ्ठीही होती, ‘ताई, आता आईचे ते जुने चादर-प्रकरण बंद कर, हवासुद्धा आत जाणार नाही.’ नाही गेली हवा. आत गेली नाही आणि आतली बाहेर आली नाही. तळ्याकाठचं गाव आपलं, लुडी. इथे मिठाला पाणी सुटतं, माचिस पेटत नाही. आणि आपण त्याला अंगातल्या दमटपणासकट कोंडलं.

नाही, नाही. तू थांब. पिशवी तुझी असेल. पण कांजी माझी.

कांजी केली होती मी त्याला. तुला नाही सांगितलं कधी. पाच वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, गावच्या सभागृहात त्यांनी लढवय्यांचं प्रदर्शन मांडलं होतं ना? सगळ्यांच्या घरून काही ना काही आलं. कुणाचं पदक, कुणाचा फोटो. आणि आपल्या सेल्मोचा कोट कसा, तर मऊ, लोळागोळा, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखा. मला लाज वाटली. बावीस वर्षांचा होता गं तो, कडक इस्त्रीचा होता. मी मस्त दाट कांजी केली. तासभर इस्त्री फिरवली. उभा राहिला कोट, आपल्या आपण. कुणीतरी आत असल्यासारखा. आणि इस्त्रीनंतर हात ओले केले की वाताने थरथरतात म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत हात धुतले नाहीत मी. इतकी जपणूक. हाताची.

आणि परत आल्यावर तसाच, कांजीसकट, तुझ्या पिशवीत.

आईने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. आपण दोघी उंबऱ्याएवढ्या होतो तेव्हापासून सांगत होती. ठेवणीतला कपडा उपाशी झोपवावा. आठवतं? पोटात कांजी असली की रात्री जेवायला येतात सगळे. म्हणून ती साध्या पाण्यातून काढायची, बस. मला वाटायचं म्हातारीच्या गोष्टी. मी कापडाच्या दुकानात तीस वर्षं काढली, मला शिकवते म्हणे.

डिसेंबर आठवतो तुला?… हो, तोच. कोरडा वारा सुटला की पहिल्या आठवड्यात. संदूक उघडायची. कोट चटईवर, सावलीत. उन्हात ठेवला की ओरडायची, रंग जाईल माझ्या लेकाचा. दिवसभर शेजारी बसून राहायची. दर वर्षी घडी निराळी, एकाच जागी मोडला की तिथेच फाटतो म्हणून. मग ताजा वाळा, मुळ्यांच्या जुड्याच्या जुड्या. आणि मग ती जुनी सुती चादर. गुंडाळायची कशी, तर बाळाला गुंडाळतात तशी. संदूक विटांवर. पंचेचाळीस वर्षं, लुडी! पंचेचाळीस पावसाळे काढले त्या कोटाने, एक भोक नाही. आणि माझ्याकडे पाचच पावसाळे.

हो… हो, ते बोलली होती. मला सांगू नकोस, मला पाठ आहे. ‘त्याला कबर नाही. मी जाईन तेव्हा त्याला माझ्या कुशीत द्या. दोघांना एकच खड्डा पुरे.’ दर ऑल सोल्सला बोलायची. सगळे जातात आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायला, आणि ही खिळ्याखाली लावायची. ज्या खिळ्याला त्याने कोट अडकवला होता. ‘लढाईत कशाला कोट, आई, मळेल. चार महिन्यांत येतो, तोवर सांभाळ.’ सांभाळला तिने. आणि मी…

एक मिनिट. अं?… नाही बासियांग, कॉफी नको. साखर वरच्या फळीवर. हो, लुडीचा फोन आहे. हो, सांगते, तुम्ही सगळे आहात म्हणून सांगते.

हं. तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

नवीन? शिवून? बासियांग शिवेल गं, तीन तासांत शिवेल, खाकीही मिळेल. आणि लष्करी तळावरच्या जुन्या सामानाच्या दुकानांत असे कोट खंडीभर पडलेत, अमेरिकेचेही, आपलेही. तोही विचार केला काल. रात्र… नाही, दुपारभर तोच विचार केला. मग वाटलं, तो कुणा दुसरीच्या लेकाचा. त्याची आई कुठेतरी शोधत असेल, आणि आपण तो आपल्या आईच्या कुशीत देणार?

मांग इस्कोंना कळणारही नाही, खरंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण आईला?

मग हेच ठेवायचं, जे उरलंय ते? पिठासकट? तेच करणार होते. काल संध्याकाळी ताटात घेऊनही गेले, वरून रुमाल टाकून. पेटीपाशी उभी राहिले. आणि मला… लुडी, मला तिचं बोलणं आठवलं.

सांगितलं नव्हतं तुला. प्रदर्शनानंतर, दोनेक महिन्यांनी. अंथरूण धरलं होतं तिने. डोळे गेलेच होते. म्हणाली, सेल्मो दे. मी आणला, पिशवीतून काढून, कडक, ताठ. तिने हात फिरवला. नाकाशी नेला. आणि परत केला. ‘हा आपला नाही. ज्याचा असेल त्याला देऊन ये, त्याचे लोक वाट बघत असतील.’

मी हसले, लुडी. हसले मी. बासियांगला सांगितलं, आईची गाडी रुळावरून उतरली, कोट ओळखेना. डांबरगोळ्यांचा वास येत होता त्याला. तिचा मुलगा वाळ्याच्या वासाचा होता. वास निराळा तर मुलगा निराळा, एवढं साधं होतं तिचं, आणि मी म्हटलं भ्रम झालाय.

त्यानंतर तिने कोट मागितला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं विसरली. सुटले, म्हटलं.

म्हणून काल ताट परत आणलं. तिने नाकारलेलं तिच्याच कुशीत कसं कोंबू?

कुठला फोटो?… नाताळचा? तो मीच काढायला लावला होता… हो, उशीला टेकून बसलीये… हातात? हातात तिच्या… काय आहे हातात?

ती चादर गं. तीच जुनी. कोट पिशवीत गेल्यावर संदुकात रिकामी पडली होती, तिने मागून घेतली. पांघरायची. उन्हाळ्यातसुद्धा. मळून चिकट झाली होती, मी दहा वेळा म्हटलं धुवू दे, तर एकदा चावली मला. खरंच चावली, हातावर. दात होते कुठे, पण चावली. रात्रंदिवस नाकाला लावून… फोटोतही लावलीये?… नाकाला?

…

थांब. थांब, लुडी, बोलू नकोस जरा.

तिला मिळाला होता तो. मी देत नव्हते, तर तिचा तिने शोधून काढला होता. पंचेचाळीस वर्षं त्याच चादरीत होता. बटणांचे पाच डाग होते तिच्यावर, एका रांगेत, मी म्हणायचे कसले गं हे डाग, जात कसे नाहीत. त्यांच्यावर बोटं ठेवून झोपायची. एक, दोन, तीन… आणि मी ती ओढायला जायचे. रोज. ‘घाण झालीये आई, सोड.’

नाही. नाही ना. कुठे असणार?

जाळली.

शुक्रवारी सकाळी. गुरुवारी आई गेली, शुक्रवारी तिचं अंथरूण जाळलं. गादी, उशी, चादर. रीतच आहे ना, ठेवत नाहीत मेलेल्याचं अंथरूण… बासियांग म्हणाली, मी जाळते, तू दमलीस. मी म्हटलं, नको, माझी आई आहे, मीच करणार. चिकूच्या झाडाखाली. माझ्या हाताने. आणि वास सुटला, लुडी. गादीचा नाही. वाळ्याचा. सबंध अंगणभर. बासियांग म्हणाली, चर्चमधून धूप आणला का कुणी? आणि मी… मी म्हटलं, काय छान वास येतोय.

उभी राहून घेतला गं मी तो वास. छातीभरून घेतला. तो जात होता, आणि मी म्हणत होते छान.

नको. ‘तुझी चूक नाही’ म्हणू नकोस. त्याने फोन ठेवावासा वाटतो. तुझ्याकडे अजून काल आहे ना? मला तसे चार दिवस मागचे हवेत. चारच. नको, तीन बास. काडी पेटवायच्या आधीचा एक श्वास दे.

हो… बसलेय. जमिनीवर बसलेय. नाही, पाणी नको.

काचेवर रडायचं नाही म्हणतात ना, पेटीच्या काचेवर थेंब पडला की त्याचा पाय निघत नाही. म्हणून चार दिवस रडले नाही मी. इथे रडते. इथे काच नाही.

हं?… कसली राख?

झाडली?… नाही, कोण झाडणार? घरात मयत… 

लुडी. झाडू लागलेला नाही. शुक्रवारपासून कुणीच झाडलेलं नाही. मीच झाडू दिलं नाही. आत्तासुद्धा त्या पोरीच्या हातातून…

पण शनिवारी पाऊस झाला गं. धोधो झाला. काय उरलं असेल? चिखल असेल नुसता. काळा चिखल.

हो… मीही तेच म्हणते… चिखल तर चिखल. त्या छावणीत तरी त्याला कशात टाकलं होतं? पावसाळाच होता तेव्हाही. मांग इस्कोंनीच ओढून नेला होता त्याला, तेच सांगायचे, खड्ड्यात गुडघाभर चिखल होता म्हणून. आई हे ऐकताना स्कर्टमध्ये मुठी वळून बसायची.

बिस्किटांचा डबा रिकामा करते. निळा. त्यात घेते. हाताने, हो, हातानेच. चमचा कशाला? आणि ती पाच बटणं? तीही त्यातच टाकू?… बरोबर. डाग तिचे, बटणं त्याची. बसतील जुळून.

वास? पावसात उरला असेल का, काय माहीत. नसेल. नसेल उरला, लुडी. मला खोटं बोलवत नाही आता. पण आईला विचारून तर बघू.

ऐकते, ऐकते, बाहेर गडबड चाललीये. गाडी आली वाटतं. एवढ्यात? तीन म्हणाले होते… फादर आलेत आधी. ते पेटीचे लोकही आलेत. काय?… काय म्हणताय?… अहो नाही, थांबा!

लुडी, ठेवते गं. नाही, तू रडत राहा, तुझ्याकडे काच नाही. ठेवते.

मांग इस्को! ओ मांग इस्को, उठा, त्यांना अडवा जरा. झाकण लावू देऊ नका कुणाला.

सेल्मोला घेऊन येते मी. अंगणात आहे.